पुढल्या चाकाचा चिमटा

यंत्रांचा इतिहास लिहितांना इतिहासकाराची दृष्टि साहजिकच एंजिनाकडे वळते. वाफेचें एंजिन कोणी सुधारलें, पेट्रोलवर चालणारें कोणी बांधलें, कोणत्या सालीं कोणतें वाहन किती वेगानें धांवलें, हे प्रश्न आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळक अक्षरांत असतात. परंतु जो भाग स्वतः गति उत्पन्न करीत नाहीं, केवळ गतीचे आघात सोसतो, त्याचा उल्लेख सहसा तळटीपेंतहि सांपडत नाहीं. सायकलीचें व मोटारसायकलीचें पुढलें चाक धरून ठेवणारा जो दुपायी सांगाडा असतो, ज्यास आपल्याकडील सायकलवाले 'चिमटा' म्हणत आले आहेत, तो अशा दुर्लक्षित भागांपैकीं एक होय. या चिमट्याचा इतिहास सांगावा असें मनांत येण्यास एक घरगुती कारण घडलें. तें आधीं सांगतों. कारण इतिहासलेखनाच्या एका नेहमींच्या प्रमादाशीं त्याचा संबंध आहे.

माझे वडील त्या वेळच्या भंडारा जिल्ह्याच्या पूर्व भागांत, म्हणजे १ मे १९९९ पासून ज्यास गोंदिया जिल्हा हें नांव मिळालें त्या प्रदेशांत, प्राथमिक शाळांच्या तपासणीचें काम करीत. आमचें घर आमगांवास. तेथून सालेकसा, देवरी व त्यांच्या पलीकडील अरण्यांतलीं लहान लहान गांवें त्यांच्या फिरतींत येत. १९७९ सालीं त्यांनीं येझदी कंपनीची एक फटफटी घेतली आणि पुढें अकरा वर्षें त्यांची फिरती तिच्यावरच झाली. १९९० च्या हिवाळ्यांत, वयाच्या चोपन्नाव्या वर्षीं, त्यांनीं ती एकाएकीं पडवींत लावली व वर ताडपत्री टाकली. आईनें विचारलें तेव्हां ते इतकेंच म्हणाले, "हातांत आतां जोर राहिला नाहीं. हँडल धरवत नाहीं." त्यानंतर निवृत्तीपर्यंतचीं चार वर्षें त्यांनीं एस. टी.च्या गाड्यांनीं व मैलोगणती पायीं चालून काम केलें. २००९ सालीं ते वारले. मनुष्य अकालीं म्हातारा झाला, असें आम्हां सर्वांस वाटलें. आणि यापेक्षां वाईट गोष्ट ही कीं, तें त्यांस स्वतःलाहि वाटलें.

ती फटफटी गेल्या उन्हाळ्यांत ताडपत्रीखालून बाहेर काढली. निमित्त भंगाराचें होतें. आपल्या मोटार कायद्याप्रमाणें खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षें टिकते. पुढें दर पांच वर्षांनीं तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. २०२१ सालीं केंद्र सरकारनें जुनीं वाहनें स्वखुषीनें मोडींत काढण्याचें धोरणहि जाहीर केलें. माझा मुलगा अभियंता आहे. त्याचें म्हणणें असें कीं, चाळीस वर्षांहून जुनें लोखंड घरांत ठेवून उपयोग नाहीं. एक तर तें मोडींत द्यावें, अथवा पुढचा भाग काढून नव्या गाडीचा बसवावा. मला निर्णय करवेना. म्हणून गोंदियाच्या एका जुन्या मिस्त्रीस बोलावून गाडी दाखविली. त्यानें एंजिनाकडे पाहिलेंहि नाहीं. पुढला ब्रेक दाबून धरून त्यानें हँडलावर आपला सर्व भार टाकला, मग हात सोडला, आणि गाडीचें तोंड तीन-चार वेळां वरखालीं झालेलें पाहून म्हणाला, "सर, आधी चिमटा खोलू. इंजिन काही बोलत नाही, पण चिमटा बोलून राहिला."

चिमटा काय बोलत होता हें समजण्यासाठीं त्याचें काम काय तें पाहिलें पाहिजे. त्यास एकाच वेळीं तीन कामें करावीं लागतात. चाक सरळ धरणें हें पहिलें. चालकाच्या इच्छेप्रमाणें तें वळविणें हें दुसरें. आणि रस्त्याचे धक्के चालकाच्या मनगटापर्यंत पोंचूं न देणें हें तिसरें. पहिलीं दोन कामें सायकलीच्या चिमट्यानेंहि साधलीं होतीं. त्याचा दांडा मागें कललेला असतो. ती कलती रेषा खालीं वाढविली तर चाक जेथें जमिनीस टेंकतें त्या बिंदूच्या थोडी पुढें जमिनीस मिळते. या थोडक्या अंतरामुळें चाक आपल्या आंसामागें ओढलें जातें आणि आपोआप सरळ होऊं पाहतें. हात सोडून सायकल चालविणारीं शाळकरी मुलें याच अंतरावर विसंबून असतात. खरी अडचण तिसऱ्या कामाची. जो सांगाडा घट्ट असल्याखेरीज चाक सरळ राहात नाहीं, तोच लवचीक असल्याखेरीज धक्का सोसला जात नाहीं. घट्टपणा आणि लवचीकपणा एकाच ठिकाणीं कसा नांदवावा, या एका प्रश्नाभोंवतीं चिमट्याचा सारा इतिहास फिरत आला आहे.

१८८५ सालीं जर्मनीत कान्स्टाट येथें डाइमलर व मायबाख यांनीं जी पहिली पेट्रोलवर चालणारी दुचाकी बांधली, तिचा सांगाडा लांकडाचा व चिमटा ताठ होता. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं चिमट्याच्या पुढें एक जोड-सांगाडा बसवून मध्यें स्प्रिंग घालण्याची युक्ति रूढ झाली. पुलाच्या कमानींत जशा तुळया तिरप्या जोडतात तशी त्याची रचना असे, म्हणून इंग्रज कारागीर त्यास 'गर्डर' म्हणूं लागले. दुसऱ्या महायुद्धापर्यंत बहुतेक इंग्रजी गाड्यांना हाच चिमटा असे. परंतु नुसती स्प्रिंग हा अर्धाच उपाय. झोपाळ्याला एक धक्का दिला तर तो कितीतरी वेळ हालत राहतो; स्प्रिंगेचेंहि तसेंच. एका खड्ड्याचा धक्का ती सोसते खरी, पण तोच पुढच्या दहा हातांपर्यंत परत करीत राहते. हें हेलकावणें थांबविण्यासाठीं गर्डरच्या सांध्यांत घर्षणाच्या चकत्या घालीत, व त्या कमीअधिक आवळण्यास बाजूला एक गुंडी असे. चालकानें रस्ता पाहून ती पिळावी, अशी अपेक्षा! पाऊस लागला कीं चकत्या निसरत, धूळ बसली कीं अडत.

याहून निराळा मार्ग आल्फ्रेड स्कॉट नांवाच्या इंग्रज कल्पकानें १९०८ सालींच दाखविला होता. त्यानें एका नळींत दुसरी नळी सरकेल असा, दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणें आंतबाहेर होणारा चिमटा केला. परंतु त्यांतहि हेलकावा शमविण्याची सोय नव्हती. ती सोय तेलानें केली. १९३५ सालीं बी. एम. डब्ल्यू. या जर्मन कंपनीनें आपल्या दोन नमुन्यांस असा दुर्बिणीचा चिमटा दिला कीं, ज्याच्या नळ्यांत स्प्रिंगेबरोबर तेलहि भरलेलें होतें. तत्त्व अगदीं साधें आहे, व होळींत पिचकारी उडविलेल्या प्रत्येकास तें माहीत आहे. पिचकारीचा दट्ट्या हळू दाबला तर पाणी सहज निघतें; एकदम दाबूं गेल्यास हाताला तितकाच जोराचा विरोध होतो. चिमट्याच्या नळींत तेलाला एका अरुंद छिद्रांतून जावें-यावें लागतें. त्यामुळें सावकाश हालचालीस तें आड येत नाहीं, पण झटक्याला अडवितें, आणि त्या झटक्याची शक्ति उष्णतेंत बदलून जिरवून टाकतें. झटका जितका जोराचा तितका तेलाचा विरोध मोठा. गुंडी पिळण्याचें काम आतां तेलच करतें.

ही कल्पना युद्धानें पसरविली, हा इतिहासाचा एक खेदजनक परंतु नेहमींचा प्रकार होय. १९४१ सालीं मॅचलेस या इंग्रज कंपनीनें सैन्याच्या निरोप्यांसाठीं बांधलेल्या गाड्यांना तेलाचा चिमटा बसविला. त्यापूर्वीं जर्मन नमुन्याचा अभ्यास झाला होता हें उघड आहे. युद्ध संपल्यावर थोड्याच वर्षांत गर्डर मागें पडला. १९४९ साली बाजारांत आलेली रॉयल एन्फील्डची 'बुलेट' तेलाच्या चिमट्यावरच उभी होती. हीच गाडी आपल्या सैन्यानें पसंत केली आणि १९५५ सालीं ती मद्रासेस तयार करण्याची व्यवस्था झाली. पुढें १९७० च्या सुमारास इंग्लंडांतील मूळ कंपनी बंद पडली. मद्रासेची मात्र चालू राहिली.

आमच्या घरच्या गाडीची वंशावळ याहूनहि चमत्कारिक आहे. प्राग शहरांत फ्रान्तिशेक यानेचेक नांवाच्या कारखानदारानें १९२९ सालीं 'वांडरर' या जर्मन कंपनीच्या गाडीचे हक्क घेतले. त्याच्या व त्या कंपनीच्या नांवाचीं आद्याक्षरें जुळवून 'जावा' हें नांव झालें. पुढें चेक देश जर्मनांच्या हातीं गेला व कारखाना युद्धसाहित्याकडे जुंपला गेला. अशा स्थितींत तेथील अभियंत्यांनीं राज्यकर्त्यांच्या नकळत, युद्धानंतरच्या दिवसांसाठीं, एक अडीचशे घनसेंटिमीटरची नवी गाडी आंखली. स्वतः यानेचेक १९४१ सालीं वारला, ती पाहूं शकला नाहीं. पण १९४६ सालीं ती पॅरिसच्या प्रदर्शनांत उभी राहिली. पुढें दुर्बिणीचा चिमटा व मागेंहि स्प्रिंग हें तिचें वैशिष्ट्य. पारतंत्र्यांत गुप्तपणें जन्मलेल्या त्या गाडीची वंशज, रुस्तम व फारोख इराणी यांच्या पुढाकारानें, १९६१ पासून म्हैसुरास बनूं लागली. १९७३ पासून तिला 'येझदी' हें नांव मिळालें. इराणांतील येझ्द शहराची त्यांत आठवण आहे. १९९६ सालीं म्हैसूरचा कारखाना बंद झाला.

या दोन गाड्यांच्या बरोबर तिसरीहि एक आमच्या भागांत घरोघर होती, ती म्हणजे 'राजदूत'. एस्कॉर्ट्स कंपनीनें पोलंडच्या सहकार्यानें १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत ती काढली. तिचा मूळ नमुना किएल्त्से शहरीं होणारी 'एस. एच. एल.' ही गाडी. तिच्या चिमट्याचें कूळ निराळें. अर्नेस्ट अर्ल्स या इंग्रजानें १९५० नंतर एक रचना पुढें आणली. तींत नळ्या एकमेकींत सरकत नाहींत, तर चाक एका झुलत्या बाहूवर बसतें व दोन स्वतंत्र दट्टे धक्का सोसतात. बी. एम. डब्ल्यू.नें, जिनें दुर्बिणीचा चिमटा रूढ केला तिनेंच, १९५५ पासून १९६९ पर्यंत ही अर्ल्सची रचना वापरली! ती अवजड खरी, पण ओझ्याला खंबीर. दूधवाल्यांनीं व धान्यवाल्यांनीं राजदूत पसंत केली यांत नवल नाहीं. १९८० च्या सुमारास गोंदियाच्या धान-बाजारांत कोणी उभा राहिला असता तर इंग्लंड, बोहेमिया व पोलंड या तीन देशांचे, युरोपांत एकमेकांशीं झगडलेले तीन सिद्धांत त्यास एकाच कडुनिंबाखालीं शेजारीं-शेजारीं उभे दिसले असते. त्यांपैकीं कोणता श्रेष्ठ, याचा निवाडा मात्र युरोपांत होण्यासारखा नव्हता. तो आमच्या रस्त्यांनीं करावयाचा होता.

आणि हे रस्ते कसे? वैनगंगेच्या पूर्वेचा हा मुलूख तलावांचा. कोहळी लोकांनीं पिढ्यान् पिढ्या बांधलेले, आतां माजी मालगुजारी म्हणून 'मामा तलाव' या लाडक्या नांवानें ओळखले जाणारे शेंकडों तलाव व बोड्या येथें आहेत. नवेगांव-बांधाचा विस्तीर्ण जलाशय त्यांतलाच. भोंवतीं धानाच्या बांध्या, बांध्यांपलीकडे साग-तेंदूचें अरण्य. नागपूर-रायपूरचा जुना राजमार्ग देवरीवरून जातो व मुंबई-हावडा लोहमार्ग गोंदिया, आमगांव, सालेकसा या स्थानकांवरून. परंतु या दोन रेषांच्या मधील गांवांना जोडणारी वाट बहुधा तलावाच्या पाळीवरून, नाहीं तर बैलगाडीच्या चाकोरीनें जाई. पावसाळ्यांत चिखल, हिवाळ्यांत तोच चिखल वाळून झालेल्या दगडासारख्या चाकोऱ्या, आणि उन्हाळ्यांत मुरमाची भुकटी. ही भुकटी चिमट्याचा खरा शत्रु. नळी जेथें बाहेर येते तेथें रबराचें एक कडें बसविलेलें असतें. मिस्त्री त्यास 'सील' म्हणतात. त्याच्या ओंठाशीं भुकटी चिकटली कीं ती काणसेसारखें काम करते: आधीं ओंठ झिजतो, मग तेल झिरपतें, तेलावर आणखी धूळ बसते. आमच्या गाडीच्या नळ्यांवर पत्र्याचीं डौलदार आवरणें आहेत. तीं दिसावयास सुरेख. पण त्यांच्या आंत काय चाललें आहे हें मालकास कधींच दिसत नाहीं.

मिस्त्रीनें एंजिनाखालीं लांकडी ठोकळा देऊन गाडी उचलली, चाक व चिखलपत्रा काढला, वरच्या चाक्या सोडविल्या आणि चिमट्याचे दोन्ही पाय मोकळे केले. प्रत्येकावर त्यानें खडूनें डावा-उजवा अशी खूण केली. मग घरांतून दोन स्टीलच्या वाट्या मागवून घेतल्या व एकेक पाय एकेका वाटींत पालथा घातला. उजव्यांतून काळें, दाट, डांबरासारखें तेल हळू हळू उतरलें, व मागून तळाचा गाळ. डाव्यांतून कांहीं आलें नाहीं. त्यानें तो हालविला, ठोकला. वाटींत चिमूटभर तांबूस भुकटी पडली. "सर, यात तेल नव्हतंच," तो म्हणाला.

मी इतिहासाचा अध्यापक. माझी पहिली शंका अशी कीं, चौतीस वर्षें गाडी उभी होती. तेवढ्या काळांत तेल झिरपून गेलें नसेल कशावरून? त्यानें वाद घातला नाहीं; एकामागून एक पुरावे पुढें ठेवले. तेल झिरपलें असतें तर पायाच्या बाहेरील अंगावर तेलांत भिजलेल्या धुळीचा थर बसला असता. तो उजव्या पायावर थोडा होता, डाव्यावर नव्हता. तेल कितीहि झिरपलें तरी त्याचा गाळ तळाशीं राहतो. डाव्याच्या तळाशीं गाळ नव्हता. आणि डाव्या पायांतील पितळी बुश, ज्यावर नळी सरकते, तें एका अंगानें आरशासारखें घासून पातळ झालें होतें. उजवें धडधाकट होतें. उभी गाडी बुश झिजवीत नाहीं. म्हणजे डाव्या पायांत तेल नसतांना ही गाडी पुष्कळ दिवस चालविली गेली होती.

याहून वाईट पुरावा वरच्या बाजूस होता. हँडल ज्या दोन वाट्यांमध्यें फिरतें त्यांत पोलादी छर्रे असतात. कोणत्याहि धातूचा कठीणपणा मोजावयाचा तर त्यावर एक कठीण गोळी ठराविक भारानें दाबून पडलेला खळगा मोजावा, ही पद्धत स्वीडनच्या ब्रिनेल नांवाच्या अभियंत्यानें १९०० सालीं जगापुढें मांडली. आमच्या फटफटीनें तोच प्रयोग अजाणतां केला होता. एका पायानें धक्के जिरविणें सोडल्यावर ते सारे वर चढून छर्ऱ्यांनीं वाट्यांत बारीक खळगे पाडले होते. मिस्त्रीनें माझें बोट धरून त्या खळग्यांवरून फिरविलें. हँडल मध्यावर आलें कीं छर्रे त्या खळग्यांत बसत. तेथून तें हलविण्यास जोर लागे, आणि जोर लावतांच तें गरजेपेक्षां अधिक वळे. पुन्हा सरळ करावें तर पुन्हा तेंच. अशी गाडी एका रेषेंत चालविणें म्हणजे तीस मैलपर्यंत हट्टी बैलाचा कासरा धरण्यासारखें आहे. चालविणाराचे खांदे भरून येतात, मनगटें थरथरतात. आणि तो समजतो कीं, हातांत आतां जोर राहिला नाहीं.

हें ऐकून मी घरांत गेलों व वडिलांची खर्चाची वही शोधून काढली. ते अत्यंत टापटिपीचे गृहस्थ; पेट्रोलच्या प्रत्येक लिटरची व गाडीच्या प्रत्येक दुरुस्तीची नोंद त्यांत तारखेनिशीं आहे. १९८९ च्या जानेवारींत नोंद आहे: पुढील चिमटा खोलून तेल बदलविलें. दुरुस्तीच्या दुकानाचें नांव तेथें आहे. तें येथें देण्याचें कारण नाहीं. त्या पूर्वींच्या दहा वर्षांत पेट्रोलच्या नोंदी जवळजवळ एकसारख्या आहेत. त्या जानेवारीनंतर त्या कमी कमी होत जातात. मे महिन्यांत हँडलाच्या रबरी मुठी नव्या घेतल्याची नोंद आहे. ऑगस्टांत मनगटाच्या दुखण्यावरील तेलाची. पुढल्या वर्षीं चष्मा बदलल्याची. शेवटची पेट्रोलची नोंद १९९० च्या नोव्हेंबरांतली आहे. मनुष्य आपला दोष शोधीत होता: कधीं मुठींत, कधीं मनगटांत, कधीं डोळ्यांत. ज्या पत्र्याच्या आवरणाआड खरा दोष होता तेथें त्यानें पाहिलें नाहीं. कारण तें काम आत्तांच पैसे देऊन करून घेतलें होतें.

येथें मला इतिहासकाराचा संयम पाळला पाहिजे. दोन गोष्टी एकामागून एक घडल्या म्हणजे पहिली दुसरीचें कारण, असें मी माझ्या विद्यार्थ्यांस लिहूं देत नाहीं. वडिलांचें वय वाढत होतें हें खरें; दृष्टि मंद होत होती हेंहि खरें असेल. परंतु वहींतला क्रम, बुशाची झीज, वाटींतली भुकटी व वाट्यांतले खळगे हे चार साक्षीदार एकमेकांस ओळखत नसतां एकच गोष्ट सांगतात. न्यायालयांत याहून थोड्या पुराव्यावर निकाल होतात. दोन पायांपैकीं एकांत तेल घालावयाचें कोणीतरी विसरलें. कदाचित् जेवणाची सुट्टी झाली असेल. कदाचित् कोणी नवा पोरगा हाताखालीं असेल. लबाडी होती असें मला वाटत नाहीं. परंतु त्या विसराळूपणाचें देणें एका मनुष्यानें आपल्या अंगावर घेतलें, आणि अठरा वर्षें तो तें आपल्या म्हातारपणाच्या नांवें फेडीत राहिला.

ज्या प्रमादाचा उल्लेख आरंभीं केला तो हाच. आपण इतिहासांत माणसांच्या गुणदोषांचीं कारणें माणसांतच शोधतों. अमक्या सेनापतीचा धीर सुटला, अमक्या कारकुनाची बुद्धि मंदावली, अमका प्रदेश मागासला, असे निर्णय आपण सहज देतों. त्यांच्या हातांत जीं साधनें होतीं त्यांच्या पोटांत तेल होतें कीं नव्हतें, हें पाहात नाहीं. आणि साधनांचा इतिहास लिहितों तेव्हां त्यांच्या जन्माचा लिहितों, आयुष्याचा नाहीं. स्कॉटचें वर्ष आपणांस सांपडतें. परंतु ज्यानें म्हैसूरचा कारखाना बंद पडल्यावर तीस वर्षें त्याच्या गाड्या सालेकशाच्या डोंगरांत चालत्या ठेवल्या, त्याचें वर्षहि नाहीं व नांवहि नाहीं. यंत्राचें आयुष्य कारखान्यांत ठरत नसून कडुनिंबाखालच्या बांकड्यावर ठरतें, ही गोष्ट या जिल्ह्यानें तरी माझ्यापुढें सिद्ध केली आहे.

मिस्त्रीनें पुढें काय केलें तें थोडक्यांत सांगतों. कारण ज्यांच्या घरीं अशी जुनी गाडी असेल त्यांस तें उपयोगी पडेल. दोन्ही नळ्या त्यानें कांचेच्या सपाट तावदानावर फिरवून पाहिल्या. कोठें उजेड दिसला नाहीं, म्हणजे त्या वाकलेल्या नव्हत्या. नळीवर जेथें सील घासतें त्या पट्ट्यांत गंजाची बारीक टोंचणी आहे काय, हें नखानें चांचपून पाहिलें. तशी टोंचणी असल्यास नवें सीलहि महिन्याभरांत फाटतें. दोन्ही स्प्रिंगा शेजारीं उभ्या करून उंची सारखी असल्याची खात्री केली. डाव्या पायाचें बुश गोंदियांत लेथवर नवें कातून घेतलें. सीलच्या ओंठास तेल लावून, छिन्नीनें न ठोकतां, त्याच मापाच्या नळीच्या तुकड्यानें चारी बाजूंनीं सारखें बसविलें. वाट्या व छर्रे नवे घातले. आणि मग तेल. कंपनीच्या पुस्तिकेंत जितकें सांगितलें आहे तितकेंच, औषधाच्या मापानें मोजून, आधीं डाव्यांत व मग उजव्यांत. मधें कोणाशीं एक शब्द न बोलतां. चाक बसविल्यावर आंस लगेच आवळला नाहीं. चिमटा सात-आठ वेळां वरखालीं दाबून दोन्ही पाय आपआपल्या जागीं येऊं दिले, व मगच पाना चालविला. "घाईनं आवळलं की दोन्ही पाय एकमेकाशी भांडत राहतात," असें त्याचें म्हणणें. त्यानें हें कोणत्याहि शाळेंत शिकलेलें नाहीं, व त्याच्याकडून तें शिकण्यास हल्लीं कोणी येतहि नाहीं. त्याचा मुलगा भ्रमणध्वनीच्या दुकानांत बसतो. नवे कारागीर सबंध चिमटा बदलून टाकतात. तो खोलून पाहात नाहींत. नव्या गाड्यांस तें सोयीचेंहि असेल. पण ज्या गाड्यांचे सुटे भाग आतां होत नाहींत, त्यांचें व या मिस्त्रीचें आयुष्य एकाच दोरीला बांधलेलें आहे.

माझ्या मुलानें हें सर्व जवळ उभें राहून पाहिलें. भंगाराची गोष्ट त्यानें पुन्हा काढली नाहीं. नोंदणीसाठीं लागणारी तपासणी त्यानेंच करवून आणली. त्यानंतर एका सकाळीं मी आमगांवाहून सालेकशाच्या रस्त्यानें सुमारें पांच मैल गेलों. रस्ता आतां डांबरी आहे. पण एका तलावाच्या पाळीशीं तो उखडलेला होता व तेथें मुद्दाम गति कमी केली नाहीं. पुढलें चाक खड्ड्यांत गेलें, वर आलें, आणि तेथेंच शांत झालें. हँडल एका हातानें धरतां येत होतें. मी वडिलांहून त्या वेळीं दोन वर्षांनीं मोठा आहें, आणि माझे हात त्यांच्याइतके कधींच बळकट नव्हते.

घरीं आल्यावर मीं त्यांची वही उघडली. १९९० च्या नोव्हेंबराखालीं अर्धें पान कोरें होतें. तेथें तारीख घातली आणि त्यांच्याच पद्धतीनें एक ओळ लिहिली: पुढील चिमटा खोलून तेल बदललें, डावा व उजवा, दोन्ही, सारखें.